लाळेची साक्ष

"जीभ खोटं बोलेल, डोळे खोटं बोलतील, पण लाळ? लाळ कधी खोटं बोलत नाही!"

जिव्हाबाबांनी हे वाक्य तिसऱ्यांदा उच्चारलं आणि कॅन्टीनमधल्या दोनशे माणसांनी तिसऱ्यांदा माना डोलावल्या. भर दुपारी, पाळी चालू असताना, शर्टांच्या त्या कारखान्यातली सगळी मशीनं बंद झालेली आजवर कुणी पाहिली नव्हती. वीज गेली तर सुपरवायझर हाताने बटणं लावून घ्यायचा. पण आज खुद्द मॅनेजरसाहेबांनी भोंगा वाजवला होता आणि कापड कापायचं लांबलचक टेबल चौघांकडून उचलवून कॅन्टीनमध्ये आणलं होतं. त्यावर बाबा मांडी ठोकून बसले होते. अंगात पांढरीशुभ्र कफनी, पुढ्यात काळी पाटी, एक चमचा आणि झाकणाचा पितळी डबा.

"या डब्यात काय आहे? सत्यभस्म! सात धातूंचं, एकवीस दिवस तापवलेलं. विज्ञानसुद्धा याला मानतं बरं का, फक्त लाजेपोटी बोलत नाही."

परीक्षा सोपी होती. चमचाभर भस्म जिभेवर घ्यायचं, बाबांनी साठ आकडे मोजेपर्यंत चावायचं आणि पाटीवर थुंकायचं. ओला लगदा पडला तर माणूस निर्दोष, कोरडी भुकटी पडली तर पापी. नऊ दिवसांपूर्वी कारखान्याच्या पाळणाघरात पाच महिन्यांचं एक बाळ झोपेतच गेलं होतं. ते कुणाच्या पापामुळे गेलं, हे आज लाळ सांगणार होती.

पाळणाघराच्या आसपास ज्यांचा वावर होता ते सगळे रांगेत उभे होते. पहिली आली कॅन्टीनची स्वयंपाकीण. भीतीने अर्धी झाली होती बिचारी. बाबांनी तिच्या जिभेवर भस्म टाकलं आणि हसत विचारलं, "काय गं माये, रोज किती लिंबं पिळतेस? रसरशीत फोडीवर मीठ घालून कधी गुपचूप चोखलीस की नाही?" लोक हसले, तीही तोंड मिटून हसली. साठ झाल्यावर पाटीवर बदकन लगदा पडला. "निर्दोष!"

मग पहारेकरी. त्याला बाबांनी लहानपणी पाडलेल्या चिंचांची आठवण करून दिली. तोही निर्दोष. मग मॅनेजरसाहेब स्वतः पुढे झाले. केवढा हा मोठेपणा, असं म्हणून लोक भारावलेसुद्धा. बाबांनी त्यांना आंबट द्राक्षांवरून एक चावट विनोद सांगितला आणि साहेबांनी असा काही लगदा टाकला की त्याचा ओघळ टेबलाच्या कडेवरून खाली गेला.

शेवटी उरली मावशी.

मावशी म्हणजे पाळणाघर सांभाळणारी बाई. सव्वीस वर्षं ती त्या खोलीत होती. इस्त्री विभागातल्या दोन बाप्यांना तिनेच लहानपणी थोपटून झोपवलं होतं. तिच्या हातांना कायम बाळाच्या पावडरीचा वास यायचा.

बाबांनी चमचा भरला आणि आवाज एकदम खाली आणला. लिंबू नाही, चिंच नाही, विनोद नाही.

"डोळे मिट. त्या बाळाचा चेहरा समोर आण. ओठ निळे पडलेत. ते कुणाला हाक मारत होतं? तिथे कोण होतं? तू होतीस. एक... दोन... त्याची आई पलीकडे काम करत होती, तुझ्या भरवशावर... तीन..."

मावशीचा जबडा हलत होता. साठाव्या आकड्याला ती वाकली, थुंकली, आणि पाटीवर पांढरी धूळ उडाली. थोडी तिच्या हनुवटीला चिकटून राहिली.

"बघा!" बाबा ओरडले. "मी बोललो का? लाळ बोलली!"

गर्दीतून एक आवाज उठला. ओरडणं नव्हे, दोनशे माणसांनी एकदम मागे सरकल्याचा आवाज. मावशीने मान वर केली आणि दाराशी पाहिलं. तिथे तिची लेक उभी होती. लेक दातांची डॉक्टर. दवाखाना कारखान्याच्या मागच्याच गल्लीत. कुणीतरी धावत येऊन सांगितलं म्हणून एका पेशंटच्या दातात भरलेला कापूस तसाच ठेवून ती पांढऱ्या कोटात पळत आली होती.

आईची आणि लेकीची नजरानजर झाली. आणि लेकीने खाली पाहिलं.

एवढंच. क्षणभरच. आईला डुलकी लागली असेल का? पांघरूण नाकावर आलं असेल का? शिकलेल्या डोक्यात तो विचार आला आणि गेला, पण येताना चेहऱ्यावरून गेला. तिने पुन्हा मान वर केली तोवर आई पाठ करून उभी होती.

बाळ गेलं त्या दिवशी खरं काय झालं होतं ते कारखान्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ते पटवून घ्यायची मात्र कुणाची तयारी नव्हती. बाळ काजवालीचं. काजवाली म्हणजे शर्टाला काज करणारी तरुण मुलगी, पहिलटकरीण. दुपारी भोंग्याआधी तिने बाळाला पाजलं आणि मावशीकडे दिलं. मावशीने त्याला ढेकर काढून उताणं निजवलं. मग ती दुसऱ्या एका पोराचं ढुंगण धुवायला गेली, तिसऱ्याचं नाक पुसलं, चौथ्याला रांगता रांगता दारातून उचललं. वीस मिनिटांनी पाळण्याशी आली तेव्हा बाळाचा श्वास थांबला होता.

सरकारी डॉक्टरने तपासणी केली. दूध श्वासनळीत गेलेलं नाही, गुदमरल्याची खूण नाही, इजा नाही. तो म्हणाला, काही तान्ह्या बाळांचा श्वास झोपेत असाच थांबतो, का थांबतो ते अजून पुरतं कळलेलं नाही, यात कुणाचा हात नाही. पण "कळलेलं नाही" हे उत्तर कुणाच्या घशाखाली उतरेना. एवढं गोजिरवाणं मूल जातं आणि कारण नाही म्हणजे काय? कारण पाहिजे, आणि कारणाला हातपाय पाहिजेत. मॅनेजरसाहेबांनी ही गरज बरोबर ओळखली. पुढच्या आठवड्यात वरून तपासणीला माणसं यायची होती.

संध्याकाळी घरी आई मोरीत हात धूत बसली होती. लेक आली तरी धूतच होती.

"आई, पुरे. साबण संपेल."

"संपू दे."

"त्या पिठाला काय कळतंय गं? जादूटोणा आहे सगळा."

"पिठाला नसेल कळत. मला कळतंय ना. मी त्याला ठेवलं आणि गेले."

"तू अकरा पोरांना बघत होतीस! एकटी!"

"काजवाली मशीनवर बसली होती माझ्या भरवशावर," आई म्हणाली. बाबांचेच शब्द होते ते. मग तिने नळ बंद केला. "खरं सांग. तू दारात होतीस. तू खाली का बघितलंस?"

लेक खोटं बोलू शकली असती. पायरीला अडखळले, डोळ्यांत काही गेलं, हजार सबबी होत्या. पण या आईशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"क्षणभर वाटलं, आई. एकच क्षण. मला माफ कर."

आईने मान हलवली. रागावली नाही, हेच फार वाईट झालं. "माझ्या पोटच्या पोरीला वाटलं. तू तर मला आतून-बाहेरून ओळखतेस. म्हणजे असणार काहीतरी. मला आठवत नसेल, पण असणार."

बाबाने आईला पापी ठरवलं होतं, पण शिक्का लेकीच्या एका नजरेने मारला होता. ती आईशेजारी ओल्या फरशीवर बसून हमसाहमशी रडली आणि आईनेच तिला थोपटलं, सवयीने.

दोन दिवसांनी मॅनेजरसाहेबांचा माणूस टाइप केलेला कागद घेऊन आला. शनिवारी सगळ्यांसमोर मावशीने तो वाचायचा आणि खाली सही करायची: माझ्या हलगर्जीपणामुळे बाळ दगावलं, कारखान्याचा यात काही दोष नाही. मग बाबा शुद्धी करतील आणि प्रकरण मिटेल.

"आई, तू यावर सही करणार नाहीस."

"करणार," आई म्हणाली. "त्या काजवालीला तेवढंच बरं वाटेल. तिला कुणावर तरी रागावता येईल."



शुक्रवारी सकाळी दवाखान्यात एक ट्रक ड्रायव्हर आला. धिप्पाड, मिशा अशा की दुसऱ्याने घाबरावं. दाढ काढायची म्हटल्यावर गडी खुर्चीत लाकूड होऊन बसला. दाताच्या कामात सगळ्यात मोठी कटकट लाळेची असते. ती सारखी ओढून घेणारी नळी तोंडात अडकवून ठेवावी लागते, गालाशी कापसाच्या गुंडाळ्या ठेवाव्या लागतात आणि त्या दोन मिनिटांत चिंब होतात. ड्रायव्हरच्या तोंडातून तिने गुंडाळी काढली तर ती ठणठणीत कोरडी. गालाला चिकटून बसलेली.

"घाबरलात का?" तिने विचारलं.

"छे! मी? घाबरतोय कसला!" ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटल्याचा टक असा आवाज आला.

ती हातातल्या कापसाकडे बघत राहिली. बारा वर्षं ती हे रोज बघत होती. घाबरलेल्या माणसाचं तोंड सुकतं, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. जिवावर बेतलं की शरीर पळायची तयारी करतं. छाती धडधडते, हातपाय ताणतात, आणि जेवण पचवायचं खातं तात्पुरतं बंद होतं. लाळ त्याच खात्यातली. हे तिला त्या दिवशी दारात उभं असताना आठवायला हवं होतं. ते आठवलं असतं तर मान खाली गेली नसती. तिला स्वतःची इतकी चीड आली की ड्रायव्हरने घाबरून विचारलं, "डॉक्टरबाई, दाढ फारच खराब आहे का?"

"दाढ ठीक आहे," ती म्हणाली. "मीच खराब आहे. तोंड उघडा."

दुपारी तिने कारखान्यात चक्कर टाकली. स्वयंपाकिणीला विचारलं, बाबा तुझ्याशी काय बोलले? लिंबाचं. पहारेकऱ्याशी? चिंचेचं. साहेबांशी? आंबट द्राक्षांचं. पाटी अजून कॅन्टीनच्या खिडकीत पडली होती, तिच्या चौकटीच्या खाचेत थोडी पांढरी पूड राहिली होती. ती पूड कागदात घेऊन लेक इस्त्री विभागात गेली. तिथल्या म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याने पूड दोन बोटांत चोळली आणि तो हसायलाच लागला.

"ताई, ही आपली खळ आहे. कॉलर कडक करायची. परीक्षेच्या आदल्याच दिवशी साहेबांनी वाटीभर मागवून घेतली होती. म्हटलं, साहेब घरी इस्त्री करायला लागले की काय!"

शनिवारी कॅन्टीन पुन्हा भरलं. टेबल तेच, बाबा तेच, फक्त आज कफनीवर फुलांची माळ होती. मावशी समोर उभी होती, हातात कागद, बोटांत पेन. पहिल्या बाकावर काजवाली बसली होती. ती कुणाकडेच बघत नव्हती. बाळ गेल्यापासून ती रडली नव्हती, असं बायका कुजबुजत होत्या.

लेक सरळ टेबलाशी गेली. "कागद नंतर वाचा. आधी एकदा परीक्षा पुन्हा होऊ दे. साहेब निर्दोष आहेत ना? मग त्यांना परत चमचा घ्यायला काय हरकत?"

"कशाला, कशाला?" साहेब म्हणाले. पण गर्दीला फुकटचा तमाशा नको कसा असेल? "घ्या की साहेब!" मागून आवाज आले. साहेबांनी घेतला.

बाबांनी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. आवाज तिने मुद्दाम खाली ठेवला होता. "एक. पाळणाघरात पूर्वी दोन बायका होत्या. दोन. उन्हाळ्यात दुसरी कुणी कमी केली? तीन. अकरा तान्ह्या मुलांमागे एक बाई, हा पाळणाघराच्या भिंतीवर लावलेला हुकूम कुणाच्या सहीचा आहे? चार. सोमवारी तपासणीची माणसं येतील तेव्हा मी तो त्यांच्या हातात देणार आहे. पाच..."

साहेबांचा जबडा चालत होता, पण डोळे भिरभिरत होते. साठला पाटीवर धूळ उडाली.

कॅन्टीन नुसतं उसळलं. "हाच! हाच पापी!" दोघं-तिघं बाह्या सरसावून पुढे आले. आणि जिव्हाबाबा? बाबांनी एका श्वासात बाजू बदलली. "मला पहिल्या दिवशीच संशय आला होता! भस्म कुणाला सोडत नाही!"

"थांबा!" ती इतक्या जोरात ओरडली की तिचं तिलाच दचकायला झालं. "हेसुद्धा खोटं आहे! साहेबांनी बाळाला मारलेलं नाही. मी त्यांना घाबरवलं, त्यांचं तोंड सुकलं, बस्स. आपण रोज म्हणत नाही का, तोंडचं पाणी पळालं? मागच्या वेळी बाबांनी यांना आंबट द्राक्षं सांगितली म्हणून तोंडाला पाणी सुटलं. स्वयंपाकिणीला लिंबू, पहारेकऱ्याला चिंच. माझ्या आईला मात्र निळे ओठ. एवढीच ही विद्या आहे. भस्मही नाही हे. कॉलरची खळ आहे."

"आपल्याच डब्यातली," इस्त्रीवाला मागून म्हणाला.

लोक गोंधळले. काही हसले. पण बाबा पुरे पोहोचलेले होते. त्यांनी हात वर केला. "खळ म्हणा, राख म्हणा! पण हा धाक काढून घेतलात तर उरेल काय? वर बघणारा कुणी नाही असं कळलं तर माणूस माणसाला खाईल! नीती कुठून येणार मग? सांगा ना, डॉक्टरबाई!"

माना पुन्हा डोलायला लागल्या. नेमकं तेव्हाच काजवाली उठली. ती टेबलाशी आली आणि तिने हात पुढे केला.

"मला द्या."

"तुला कशाला, पोरी?" बाबा म्हणाले. "तू तर आई."

"द्या म्हटलं ना."

चमचा तिने स्वतःच भरला. कुणी मोजलं नाही. तिच्याशी कुणी लिंबाचं बोललं नाही आणि निळ्या ओठांचंही नाही. तिला कशाची आठवण करून द्यायची गरज नव्हती. ती चावत राहिली, चावत राहिली, आणि मग पाटीवर वाकली. भुकटी पडली. त्या दिवशीच्या मावशीच्या भुकटीपेक्षाही कोरडी.

"बघा," ती म्हणाली. ओठांना पांढरं लागलं होतं. "माझंही सुकलं. मग काय, मी मारलं त्याला? मी तर तुम्हा सगळ्यांसमोर मशीनवर बसले होते." तिने मान वळवून गर्दीकडे पाहिलं. "त्या दिवशी त्याने माझं बोट धरून ठेवलं होतं. सोडेच ना. भोंगा झाला म्हणून मी एकेक बोट सोडवलं त्याचं. रागावलेसुद्धा त्याच्यावर. म्हटलं, तुझ्यापायी उशीर होतो मला रोज." तिचा आवाज फुटला. "म्हणून सुकतं माझं तोंड. रोज सुकतं. तुमचं भस्म नसतानासुद्धा."

बाबा चाचरत म्हणाले, "आईचंही काही पूर्वजन्मीचं..." पण ते वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. काजवालीच्या शेजारच्या मशीनवर बसणारी, एरवी मुकी वाटणारी बाई बाकावरून उठली आणि तिने पितळी डबा उचलून बाबांच्या मांडीत उपडा केला. मग पहारेकऱ्याने बाबांना दंडाला धरून फाटकापर्यंत पोचवलं. कफनी इतकी खळ पिऊन बसली होती की चालताना पांढरी धूळ उडत होती.

लेक टेबलाशीच उभी होती. भाषण करायचं तिच्या मनात नव्हतं. पण बाबांचा प्रश्न हवेत लोंबकळत होता आणि आई अजून पेन धरून उभी होती. म्हणून ती आईकडे बघूनच बोलली.

"नीती कुठून येते म्हणून विचारलं त्यांनी. मांजरीचं पिल्लू ओरडलं की मांजर तोंडातलं खाणं टाकून धावते. तिला कुणी पोथी वाचून दाखवलेली नसते. फार फार पूर्वी ज्या आयांना पोराचं रडणं ऐकवत नव्हतं त्यांचीच पोरं जगली, आणि आपण त्यांची लेकरं. दुसऱ्याच्या पोराचं रडणंही आपल्याला ऐकवत नाही ते त्यामुळेच. एकट्याने कुणाचं निभत नव्हतं, म्हणून एकमेकांना जपणारी माणसं टिकली. ते सगळं आपल्या छातीत, घशात, जिभेत आहे. वरून कुणी चमच्याने घातलेलं नाही. जीव लावलेलं माणूस गेलं की तेच उलटं फिरून आपल्याला चावतं. म्हणतं, तू काय केलंस?"

ती थांबली. स्वतःचंच तोंड कोरडं पडलंय हे तिला जाणवलं.

"माझ्याकडे पेशंट येतात. या दातात ठणकतंय म्हणून बोट ठेवतात. कितीदा तरी तो दात अगदी धडधाकट असतो आणि किडलेला भलताच. कधी कधी एकही किडलेला नसतो. वेदना खोटी नसते. बोट चुकीच्या जागी असतं. म्हणून मी आधी तपासते. पेशंट बोट दाखवेल तो दात उपटत सुटले तर गावात धड दात राहणार नाही. अपराधी वाटणं वेगळं आणि अपराधी असणं वेगळं. अपराधी कोण ते तपासून ठरवायचं असतं. डॉक्टरांनी तपासलं होतं. आपण ऐकलं नाही. मीही नाही ऐकलं, आई."

मावशीने कागद टेबलावर ठेवला. सही केली नाही. ती काजवालीपाशी गेली आणि पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तिच्या ओठांवरची खळ पुसायला लागली, जशी सव्वीस वर्षं लोकांच्या पोरांची तोंडं पुसत आली तशी.

"तू काही केलं नाहीस गं," ती म्हणाली. "बोटं सोडवावीच लागतात. सगळ्याच सोडवतात. तुझा काही दोष नाही, बाळा."

काजवालीने तिचा हात धरला. आता ती रडत होती, पंधरा दिवसांचं एकदम. "मग तुमचा तरी काय दोष, मावशी? सांगा ना. तुम्ही तरी काय केलंत?"

मावशी नुसती पुसत राहिली.

पाळणाघरात नंतर दोन नव्या बायका ठेवल्या गेल्या. तपासणीच्या माणसांनी तसं लिहूनच दिलं. काजवाली अजून काज करते. तिला पुढे मुलगी झाली. मावशीला कारखान्याने परत बोलावलं होतं, मान देऊन बोलावलं होतं, पण ती गेली नाही.

दोन वर्षांनी लेकीला मूल झालं. आजी झालेली मावशी त्याचे कपडे शिवते, दुपटी धुते, लांबून गाणी म्हणते. पण त्याला एकटीने मांडीवर घेत नाही. लेक खोलीत असली तरच घेते, आणि घेतल्यावर दर दोन मिनिटांनी विचारते, "तू आहेस ना इथे? बघते आहेस ना?" लेक म्हणते, "आहे, आई." तिला सगळं समजावून झालंय. लाळ, खळ, लिंबू, भीती. आई मान डोलावते, पटतं तिला. तरी बाळाच्या नाकाशी तिची दोन बोटं असतात, श्वास मोजत.

एखाद्याचा विश्वास असला बाबावर तर बिघडलं काय, असं विचारणारी भली माणसं पुष्कळ आहेत. त्यांना हात जोडून सांगणं आहे की हे बिघडलं. एक बाबा फाटकाबाहेर काढायला एक दुपार पुरली, पण त्याने त्या बाईच्या मनात घातलेलं तिच्या लेकीला इतक्या वर्षांत काढता आलेलं नाही. तेव्हा उद्या तुमच्या समोर कुणी चमचा धरला, पाटी धरली, तर आधी विचारा: यात काय आहे? यांना काय विचारलं आणि तिला काय विचारलं? ज्याचा दोष नाही त्याचंही असंच होत नाही ना? हे प्रश्न विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. फक्त ते वेळेवर विचारावे लागतात, समोरच्या माणसाच्या तोंडात चमचा जायच्या आधी.